मोजदाद

प्रेसमध्ये कागद मोजून हातात येतो
आणि मोजूनच जातो.
पंधरा वर्षं झाली.
फाटका, डागाळलेला, कोपरा दुमडलेला,
प्रत्येकाचा हिशेब.
संध्याकाळी गेटवर हात वर करून उभं राहायचं,
खिसे उलटे करायचे,
मग नाशिकरोडच्या गर्दीत सायकल घालायची.

जुई पहिलीत गेली तेव्हा बाईंना म्हणाली,
माझे बाबा पैसे छापतात.
बाई अजून मला बघून हसतात.
शंतनूचं म्हणणं साधं :
पैसे नको, एक कोरा कागद तरी आण ना,
हत्ती काढायचाय.
त्याला काय सांगणार.

कोजागिरी झाली. दुपारचं ऊन अजून चावतंय,
पहाटे मात्र पायाशी चादर चाचपावी लागते.
मखमलाबादला मेहुण्याच्या बागेत छाटणी उरकली,
द्राक्षाच्या काड्यांची मोळी त्यानं
मोटरसायकलला बांधून आणली, गॅलरीत टाकली.
"बांबू कशाला विकत घेता? याचाच करा कंदील."
सांगणाऱ्याचं काय जातं.

काडी ओली असेपर्यंत वाकते.
तिसऱ्या दिवशी कडकन मोडते.
हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

तर रविवारी, वृषाली बिटकोत ड्यूटीवर,
मी गॅसवर मैद्याची खळ शिजवली.
गुठळ्या झाल्या.
शंतनूनं बोट बुडवून चाखली,
मीठ नाही म्हणाला.
जुईनं मोडक्या काड्या दोऱ्यानं बांधल्या
आई बँडेज बांधते तशा,
गाठ मारताना जीभ बाहेर.
चांदणी करायची होती.
चार टोकं जमली,
पाचवं कुठे निघालं होतं
ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग जिलेटिन. मेनरोडवरून आणलेलं,
गुलाबी, पोपटी, जांभळं.
मी कात्री उचलली आणि सवयीनं
आधी कागद मोजले.
अकरा.
"मोजतोस काय बाबा," जुई म्हणाली, "काप ना."

कापले.
रेघ न मारता कापले, वाकडे कापले,
झिरमिळ्या कापल्या, मग झिरमिळ्यांच्या झिरमिळ्या,
हात थांबेचना.
शंतनूनं पंख्याचं बटण दाबलं
आणि घरभर सगळं बेहिशेबी उडालं,
देव्हाऱ्यात, खळीच्या पातेल्यात,
वाळत घातलेल्या माझ्या युनिफॉर्मवर.
कोणी काही विचारायला आलं नाही.
मी दाराकडे एकदा बघून घेतलं, एवढंच.

रात्री वृषाली आली,
चप्पल काढता काढता वर बघत राहिली.
"छान झालाय मासा."
"चांदणी!" दोघं एकदम.
"तेच ते. लांबून कळतं."
बल्ब लावला तसे
गुलाबी कागदावर ठसे दिसले, खळीतल्या बोटांचे,
अंधारात मुळीच न दिसणारे,
उजेडामागून धरल्यावरच येणारे.
ही खूण मी ओळखतो. माझं कामच ते.
वृषाली म्हणाली, जेवायला बसा,
आणि हे केस कोणी चिकटवलेत पोरीचे?

सोमवारी सुटताना हात वर केले.
गेटवर नवा जवान, दाढी चोपून केलेली.
शर्टाच्या खिशात त्याचं बोट गेलं
आणि थांबलं.
एक तुकडा. गुलाबी, तिकोनी,
एका कडेला वाळलेली खळ.
कोणी ठेवला असेल ते मला माहीत होतं,
तरी पोटात गोळा आला. मागे लाइन गप्प.
त्यानं तो ट्यूबलाइटसमोर धरला,
एक डोळा मिटून,
आम्ही नोट धरतो तसा.
बराच वेळ.

मुलगा की मुलगी, त्यानं त्याच्या हिंदीत विचारलं.
दोन्ही, म्हणालो.
त्यानं तुकडा होता तिथे परत सरकवला,
खिशावर हलकेच थापटलं,
आणि पुढच्याला म्हणाला, हात वर.